साठाचा खिळा

ता. ६, सोमवार

सगळ्यात आधी आली ती औषधवाली. वेळ दिली होती दहाची आणि ही बाई साडेनऊला दारात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यात तिचे बोटभर उंचीचे खेळातले भालेवाले कापसात गुंडाळलेले, जणू अंडीच आणली होती. माझे केस अजून मोकळे. आजी, लवकर आले, चालेल ना, म्हणाली. आता आलीच आहेस तर चालेल, घालवू कुठे तुला, म्हटलं. तू हिला ओळखत नाहीस. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान हिनं घेतलंय. तू तिकडे लिफ्टच्या कामावर गेलास त्याच्या पुढच्या वर्षी ती आपला टेबलावरच्या लढाईचा खेळ शिकली आणि आता स्पर्धेची चिटणीससुद्धा तीच. कुणाला किती दिवस खोकला आहे हे तिला जसं पाठ, तसंच कुणाच्या सैन्यात किती भालेवाले तेही पाठ.

मग आला मोजणीदार. तो होता तसाच आहे रे. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लोक खिशाला पेन लावतात तशी हा स्टीलची टेप लावून फिरतो. आल्या आल्या माझ्या दाराची उंची मोजली. का, तर डोक्याला लागलं. आणि सगळ्यात शेवटी आला तुझा बाप, जो याच घरात राहतो. दुसऱ्यांदा दाढी करत बसला होता.

घोड्या, तीन वर्षांत तुला मी एवढं मोठं पत्र लिहिलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, जोडाक्षर आलं की हात थांबतो. तूही कार्डावर पत्त्याखाली ‘बरा आहे’ एवढंच लिहितोस, मग मी तरी काय लांबण लावू. पण काल जे झालं ते पोटात राहीना.

झालंय असं, की दोन महिन्यांनी स्पर्धा आहे, आणि त्याआधी या तिघांच्या समितीला ठरवायचंय की घोड्यांच्या सैन्याला लगाम घालायचा की नाही. भिंतीवरच्या यादीत तुझे ओळीनं अकरा विजय अजून तसेच लिहिलेले आहेत ना, त्यांचं हे दुखणं. आत्ता एका घोड्यांच्या तुकडीला आठ गुण पडतात, ते अकरा करायचे म्हणतात. प्रत्येकाला सैन्य उभं करायला गुण मिळतात दोनशे. म्हणजे जिथे पंचवीस तुकड्या उभ्या राहायच्या तिथे राहतील अठरा. अठरा तुकड्यांनी सहा फुटी मैदान झाकायचं कसं? मग कोण घेईल घोडे? खोकी माळ्यावर जातील, आणि माळ्यावर गेलेली वस्तू या घरात परत खाली येत नाही हे तुला माहीत आहे. तुला घरी ओढून आणायला माझ्याकडे तेवढे घोडेच उरलेत. जेवण तर तुला तिकडेही मिळतं.

तर आधी दोन चाचण्या खेळून बघायच्या ठरल्या. पण घोडे खेळवणार कोण? मोजणीदाराला भालेवाल्यांची सवय. तुझा बाप तर तुझ्या घोड्यांच्या खोक्याला हातही लावत नाही, त्याच्यावरून ओणवा होऊन पलीकडची वस्तू घेतो. मी म्हटलं, मी खेळते. मोजणीदार हसला. मी म्हटलं, हस, बटणं लावता लावता अकराच्या अकरा सामने मी पाहिलेत, तू तर त्यातले चार हरलास.

आजोबांचं कापड बेतायचं टेबल पुढच्या खोलीत मधोमध ओढलं. कडेला त्यांनी साठ इंचांवर ठोकलेला पितळी खिळा आहे ना, त्यात हिरवं कापड नेहमीसारखं अडकलं. टेकड्या मांडल्या, ओढा मांडला. मोजायला ज्याचं त्यानं आपलं आणलं होतं. औषधवालीची लाकडी पट्टी, मोजणीदाराची स्टीलची टेप, आणि मी आपली सवयीनं बटणांच्या डब्यातून आजोबांची कापडी टेप काढली, तू वापरायचास तीच.

काय सांगू तुला. घोड्यांची बारा इंच दौड, वरून सहा इंच बाण. समोरचे भालेवाले बिचारे चार इंच चालणार. तू करायचास तेच केलं. डावी रांग पुढे न्यायची, समोरच्यांनी तोंड तिकडे वळवलं की मागे घ्यायची, आणि उजवीकडून बाण. औषधवालीच्या नऊ तुकड्या गेल्या, माझ्या दोन. मग चहा, आणि मग मोजणीदार. त्याच्या नाकी नऊ आणले मी. शेवटी तो फासे टाकायचे सोडून माझ्याकडेच बघत बसला. बहात्तराव्या वर्षी माणसाला इतकं हसू फुटू नये, पण फुटलं.

आणि तिथेच सगळं फिरलं. औषधवाली खाली मान घालून म्हणाली, “इतके दिवस आम्हाला वाटायचं, नातवाच्या हातात कसब असेल. पण पहिल्यांदा खेळून आजीसुद्धा जिंकतात, म्हणजे घोडेच जड आहेत. नियम बदलावाच लागेल.”

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. तुझ्या बापानं ते वहीत लिहून घेतलं. मोजणीदारानं आजोबांची टेप उचलून बोटांमधून सरकवली. जुनी आहे, म्हणाला. तुझ्याच वयाची, म्हटलं, आणि त्याच्या हातून काढून घेतली.

का काढून घेतली ते विचारू नकोस. पुढच्या रविवारी दुसरी चाचणी, आणि तिथेच निकाल.

तुझी आजी


ता. ९, गुरुवार

विचारू नकोस म्हटलं आणि आता मीच सांगायला बसलेय. परवापासून तीनदा कागद घेतला, तीनदा किटली ठेवायला उठले. आज किटली आधीच ठेवली.

तो शेवटचा सामना आठवतोय ना तुला. काय विचारते मी. तू टेप लावलीस, बारावर बोट ठेवलंस आणि घोडे नेले. बाप पंच होता, त्यानं आपली लाकडी पट्टी लावली तर भरले साडेबारा. अंगठा सरकवलास, म्हणाला, चाळीस माणसांसमोर. तू म्हणालास टेपवर बारा आहेत, बघा. तर तो म्हणाला, टेप खोटं बोलत नाही, हात बोलतो. मी तेव्हा कोपऱ्यात बिस्किटांची ताटली घेऊन उभी होते. तू टेप टेबलावर ठेवलीस, घोडे टेबलावर ठेवलेस, आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरायला घेतलं. आजोबा टेप गुंडाळायच्या आधी काय करायचे, टेबलाच्या कडेनं ताणून धरायचे, एक टोक कोपऱ्याला आणि दुसरं बरोबर त्या पितळी खिळ्याला. टेप साठ इंचांची, खिळा साठावर. मीही तसंच धरलं. टोक खिळ्याच्या पुढे गेलं. चांगलं अडीच इंच पुढे. मी पुन्हा धरलं. पुन्हा पुढे गेलं.

मला तिथल्या तिथे कळलं. आजोबा होते तोवर मला त्या टेपला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर वाटलं, त्यांची वस्तू आहे, निदान स्वच्छ तरी ठेवावी. म्हणून दर महिन्याला धुवायचे. धुतली की ती आखडून गुंडाळी व्हायची, तर सरळ वाळावी म्हणून दोरीला चिमटा लावून टांगायचे आणि खालच्या टोकाला त्यांची मोठी कात्री अडकवायचे. तुला आठवत असेल ती कात्री, तुला लहानपणी एका हातानं उचलायची नाही. सहा वर्षं दर महिन्याला मी ती ओली टेप कात्रीनं ओढली. बाराचे साडेबारा मी केले. भाल्यांच्या चार इंचांत तो फरक कळलाही नसता, पण तुझे घोडे एका डावात बारा बारा जायचे, म्हणून ते नेहमी भाल्याच्या टोकापासून अर्धा इंच लांब राहायचे.

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं विचारशील. मला वाटलं तू आठ दिवसांत येशील, तेव्हा हसत हसत सांगेन. महिना झाला. मग वाटलं, पहिल्या दिवशी जे सांगितलं नाही ते तिसऱ्या महिन्यात कोणत्या तोंडानं सांगू. आणि तुझे तीन कप आहेत ना फळीवर. मी दुपारी जरा डोळे मिटते तेव्हा तुझा बाप ते पुसतो. मला झोप लागलेली असते असं त्याला वाटतं. मी बोलले असते तर ते कपही खोटे ठरले असते. असं करत करत तीन वर्षं गेली.

अजून एक. मागच्या पत्रात टेप सवयीनं काढली असं लिहिलंय, ते खरं नाही. पट्टी शेजारीच पडली होती. मला जिंकायचं होतं. तुझ्या खुर्चीत बसले होते आणि मला तुझ्यासारखं जिंकायचं होतं. त्या हावेपायी मी तुझ्या घोड्यांचं वाटोळं करून बसले.

पण मी युक्ती काढली आहे. रविवारी लाकडी पट्टीनं खेळणार. पट्टीवर घोडे बेताचेच पळतील, सामना अटीतटीचा होईल, हे लोक म्हणतील की घोडे काही तितके जड नाहीत, आणि टेपेचं नावही निघायचं नाही. घोडेही वाचले आणि माझी अब्रूही. शहाणी आहे की नाही तुझी आजी?

आजी


ता. १३, सोमवार

शहाणी नाही.

काल औषधवाली नऊ वीसलाच आली. मी पट्टी हातात घेऊन तयार. तुला सांगते, खरे बारा इंच मी काल पहिल्यांदा खेळले, आणि तो निराळाच खेळ आहे. बाण पोचायचा तिथे पोचेना. मागे घेतलेली रांग भालेवाल्यांच्या हाताशीच राहिली. अर्धा इंच म्हणजे काय, करंगळीचं नख, पण प्रत्येक डावात ते नख मला बोचत होतं. मी जीव तोडून खेळले. दोन तास औषधवालीला झुलवलं, ओढ्यापलीकडे तिची मधली फळी फोडली, आणि मग तिनं दोन्ही बाजूंनी भालेवाले सरकवत सरकवत मला टेबलाच्या काठाला आणलं. मागे जायला मैदानच नाही. दोन तुकड्यांनी हरले.

हरल्याचा मला इतका आनंद झाला की तो लपला नाही. तिथेच चुकले.

औषधवालीनं भालेवाले कापसात ठेवता ठेवता हात थांबवला. “आजी, राग मानू नका. मुद्दाम हरलात का?”

नाही, म्हटलं.

तुझा बाप वही मिटून म्हणाला, “मागच्या रविवारी हेच घोडे वाऱ्यासारखे पळत होते, आई. आज लंगडतायत. टेबल तेच, हात तोच. नियम बदलू नये म्हणून तू हात राखून खेळलीस. त्याच्यासाठी.”

मी नाही नाही म्हणत राहिले. तो म्हणाला ही चाचणी धरायची नाही, पहिलीच धरायची, आणि अकरा गुण आत्ताच मंजूर करून टाकू. त्यानं हात वर केला. औषधवालीनंही अर्धा वर केला, कोपरापर्यंत. मोजणीदार तेवढा माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत होता.

घोड्या, मी त्या खुर्चीत बसले होते आणि माझा मुलगा मला सांगत होता की माझा हात खोटा आहे. तू कसा बसला असशील ते मला काल कळलं. बिस्किटांची ताटली धरून उभं राहिलं की कळत नाही.

मी उठले आणि बटणांचा डबा आणला. झाकण निघेना, निघालं ते बटणं चहूकडे उडवत. टेप घेतली. हिरवं कापड खिळ्यावरून सोडवलं. एक टोक कोपऱ्याला धरलं आणि टेप कडेनं ताणत नेली. टोक खिळ्यापलीकडे गेलं.

मग मोजणीदारानं खिशातून स्टीलची टेप काढून शेजारी धरली, चष्मा वर केला, खाली केला, आणि शेताची हद्द सांगावी तसं सांगितलं, “साठाला साडेबासष्ट.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “बाराला साडेबारा. ही कुणी ओढली?”

मी, म्हटलं. धुण्याचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं.

तुझ्या बापाचा हात अजून अर्धवट वरच होता. तो त्यानं खाली घेतला आणि बसला. भिंतीवरच्या यादीकडे बघत होता. मग मला विचारलं, तुला कधी कळलं. मी खोटं बोलू शकले असते, आत्ताच कळलं म्हणाले असते तर कुणाला काय समजणार होतं. पण म्हटलं, “तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

तो उठून मागे आपल्या कामाच्या खोलीत गेला. तिथे खिडकीच्या दोन चौकटी अर्ध्या पडल्या आहेत, मला वाटलं रंधा मारायला गेला. रंध्याचा आवाज आला नाही. औषधवाली खाली बसून बटणं वेचत राहिली, एकेक करून, रंगांप्रमाणे वेगळी. मोजणीदार निघताना म्हणाला, दोन दिवस जाऊ द्या, आम्ही मंगळवारी येतो, तोवर कुणाचाच हात वर धरायचा नाही.

बाळा, माझ्यामुळे तुझ्या बापानं तुला चोर म्हटलं, आणि मला माहीत असून मी तसंच राहू दिलं. माफी हा शब्द मला नीट लिहिता येतो की नाही कोण जाणे. पण मागते.


ता. १५, बुधवार

सोमवारभर तुझा बाप माझ्याशी बोलला नाही. मी केलेलं सूप प्यायला, भांडं स्वतः धुतलं, आणि परत मागे. मंगळवारी सकाळी म्हणाला, तू सांगायला हवं होतंस. हो, म्हटलं. मग त्यानं बूट घातले, काढले, आणि पुन्हा घातले. कुठे गेला मात्र नाही.

दुपारी दोघं आले. औषधवाली आधी, हे लिहायला नको. बसायच्या आत तुझ्या बापानं फळीवरचे तिन्ही कप उतरवून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, यांचं काय ते ठरवा. माझी पाचावर धारण बसली. तीन वर्षं ज्याला भीत होते तेच समोर येऊन बसलं होतं.

औषधवालीनं नियमांचं पुस्तक काढलं. तिला पान शोधावं लागत नाही, पण तिनं शोधलं. त्यात लिहिलंय की सामन्याआधी दोन्ही बाजूंची मापं पंचानं तपासायची. कोणी तपासली, तिनं विचारलं, पंच कोण होतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तुझा बाप म्हणाला, “मी. नाही तपासली. माझ्या वडिलांची टेप होती. तिच्यावर या गल्लीतले सगळे कोट बेतलेत. तिच्यावर शंका घ्यायच्या आधी मी मुलावर घेतली.”

मग मोजणीदारानं कप एकेक करून उचलले आणि फळीवर परत ठेवले, मधला जरा पुढे होता तो मागच्या रेषेत आणला. म्हणाला, आयुष्यभर हेच पाहिलं, मोजणीची साखळी चुकते आणि शेजारी एकमेकांची डोकी फोडतात. कपांचं काय करायचं ते ज्याचे कप आहेत त्याला विचारा. म्हणजे तुला. यादीतून तुझं नाव काढणार नाहीत. तुझ्या बापानं यंदा पंचाचं काम आपणहून सोडलं.

आणि घोडे. पहिली चाचणी टेपेची म्हणून बाद, दुसरी संशयाची म्हणून बाद. आठ की अकरा, हे तिसऱ्या चाचणीवर. सगळ्यांना एकच माप, लाकडी, तुझा बाप कापणार आणि मोजणीदार तपासणार. औषधवालीनं मात्र मला बजावलं, आजी, आठच राहतील असं समजू नका. खऱ्या मापानं खेळून, घोडे ज्याला खरोखर कळतात त्यानं खेळून समोरच्याला सामना जड गेला, तर मी हात पूर्ण वर करणार. कर, म्हटलं. मला ती बाई आवडायला लागली आहे.

मी माझी खुर्ची पुढे ओढली, पुढच्या वेळीही बसायचंय म्हणून. तुझा बाप म्हणाला, “ती खुर्ची तुझी नाही, आई.” आणि ती घेऊन घोड्यांच्या बाजूला ठेवली. मग तुझं खोकं खाली घेतलं. त्याच्यावरून ओणवा झाला नाही, दोन्ही हातांनी उचललं. चार घोड्यांचे पाय निखळलेत, ते तो आज चिकटवत बसलाय. एकाची मान उलटी लावली होती, मी दाखवली.

त्याला म्हटलं, पत्रात दोन ओळी तू लिही. पेन घेऊन बसला, टोपण काढलं, टोपण लावलं. म्हणाला, तूच लिही. ‘टेप खोटं बोलत नाही’ असं मी म्हणालो होतो, ते वाक्य मी परत घेतो. एवढंच लिही, पुढे वाढवू नकोस. म्हणून वाढवत नाही.

सोबत पाकिटात जी लाकडाची पट्टी आहे ती त्यानं केलेल्यांतली पहिली. कडा इतक्या घासल्यात की बोटाला लागायच्या नाहीत. बरोबर बारा आहे, मोजणीदारानं दोनदा लावून पाहिली. तुझ्याकडे लिफ्टच्या कामाची टेप असेलच, तूही लावून बघ. कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस, माझ्या तर मुळीच नको.

ते दोघं तिसऱ्या चाचणीला सव्वीस तारखेला येतो म्हणालेत, रविवारी. वेळ दहाची, म्हणजे औषधवाली सव्वानऊला.

तुझी आजी